मुक्कामी गाडी

जीपमध्ये डावीकडं बसलेल्या माणसाला ब्रेक नसतो, हे मानसिंग शिळीमकराला कुणी सांगावं? भोरच्या स्टँडपासून राजवाड्यापर्यंत रस्ता तो केवढा, पण तेवढ्यात त्याचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर इतक्यांदा आपटला की झुल्फिकारनं शेवटी गाडी बाजूला घेतली.

"मामा, पत्रा जुना हाय. भोक पडंल."

"तू आधी गिअर बदल. कवाधरनं दुसऱ्यावर ओढतोयस, गाडी रडाय लागली."

"रडू द्या. ताईंनी सांगितलंय, घाई करायची न्हाई."

ताई म्हणजे मानसिंगची लेक अश्विनी. पुण्यातली चांगली नोकरी सोडून तिनं सहलींचा उद्योग मांडला होता, आणि सहली तरी कसल्या, तर सावकाशीच्या. शहरातल्या धावणाऱ्या माणसांना तीन दिवस आणायचं, एका दिवशी एखाददुसरंच ठिकाण दाखवायचं आणि तिथं नुसतं बसवायचं. पहिला दिवस भोर, जुनं संस्थानी गाव. दुसरा भाटघरच्या पाण्याकाठचा द्राक्षमळा, जिथं वाईन करतात. तिसरा वेल्हे, तोरण्याच्या पायथ्याला. बसायचे पैसे लोक देतात, यावर मानसिंगचा अजून विश्वास बसलेला नव्हता. खरे पाहुणे यायच्या आधी एक फेरी करून बघायला हवी होती, आणि तीन दिवस रिकामी अशी माणसं अश्विनीला घरचीच सापडली, आई आणि बाप.

अटी तिनं आधीच घातल्या. घड्याळ घरी ठेवायचं. ड्रायव्हरला 'निघू या का' म्हणायचं नाही. आणि पप्पांना स्टिअरिंगला हात लावू द्यायचा नाही, ही अट तिनं झुल्फिकारला बाजूला घेऊन सांगितली होती. झुल्फिकार भोरचाच, पूर्वी वडाप मारायचा, माणसं कोंबून कोंबून नसरापूरला न्यायचा. तोही आता सावकाश झाला होता, म्हणजे बघा.

मानसिंगची सगळी नोकरी भोर डेपोत यष्टी चालवण्यात गेली. रिटायर होऊन दोन पावसाळे झाले तरी हा बाबा पहाटे उठून दाढी करतो, कपडे घालतो, आणि मग जायचं कुठं म्हणून स्टँडवर जातो. तिथं फलाटाला गाडी लागली की लांबून हातवारे करतो. कंट्रोलरला सल्ले देतो. स्टँडवरचे लोक त्याला येताना पाहिलं की चहाच्या टपरीमागं सरकतात. घरात तर एका जागी टेकायचा नाही. जेवताना सुद्धा रतनबाई म्हणायची, "अवो, ताट तरी खाली ठिवून जेवा."

ही सहल त्यानं लेकीखातर कबूल केली. रतनबाईनं मात्र लेकीचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं होतं, आणि ते राजवाड्यासाठी नव्हे की वाईनसाठी नव्हे. तिसऱ्या दिवसासाठी.

वेल्ह्याच्या पुढच्या वाडीत तिची थोरली बहीण होती, चंद्राबाई. आई गेल्यावर हिला तिनंच वाढवलेलं. अलीकडं चंद्राबाईला माणसं आठवेनाशी झाली होती. पोटच्या पोराला ती "कोण हाय रं तू?" म्हणायची. तिची सून सुलक्षणा फोनवर सांगायची, "मावशी, लई येळ बसावं लागतंय त्यांच्यापाशी. बसलं की कवातरी उजाडतंय, मग नावानं हाक मारत्यात." रतनबाई दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा मानसिंगनं पहिल्या चहालाच "चला, यष्टी जाईल" लावलं होतं, आणि दोन्ही वेळा निघताना बहीण तिला म्हणाली होती, "बाई, तुमी कुणाच्या?" दुसऱ्या वेळी रतनबाई नसरापूरपर्यंत पदरात तोंड घालून रडली. मानसिंग खिडकीतून बाहेर बघत राहिला, कारण बघायचं कुठं हे त्याला कळत नव्हतं.

म्हणून या वेळी रतनबाईनंही एक अट घातली होती. "आक्का मला हाक मारस्तवर म्या तिच्यापाशी बसणार. तुमी चला म्हणायचं न्हाई."

"न्हाई म्हणत," मानसिंग म्हणाला. म्हणायला काय जातंय?

भोरचा दिवस कसा गेला ते विचारू नका. आपल्याच गावात पाहुणा व्हायचं म्हणजे काय ते मानसिंगला त्या दिवशी कळलं. मुक्काम एका जुन्या घरातल्या माडीवर, आणि तिथून चार आळ्या सोडून त्याचं स्वतःचं घर, कुलूप लावलेलं. दुपारी सगळे पडले असताना तो हळूच जाऊन कुलूप ओढून आला. संध्याकाळी नळाला पाणी येतं म्हणून पुन्हा जाऊन आला. वाटेत भेटेल तो विचारायचा, "काय मानसिंगराव, कुणीकडं?" आणि याला सांगता येईना की मी सहलीला आलोय.

राजवाड्यात रतनबाई लाकडी खांबापाशी उभी राहिली. खांबाला हात लावून तिनं वरपर्यंत बघितलं, नक्षी कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते. इतकी वर्षं भाजी आणायला त्याच भिंतीवरून गेली होती, आत मात्र कधी शांतपणे उभी राहिली नव्हती. तोवर मानसिंग सगळे चौक फिरून परत आला.

"झालं माझं बघून."

"तुमी बघितलं कुठं? तुमी पार केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबवड्याच्या झुलत्या पुलावरही तेच. रतनबाई पुलाच्या मधोमध कठड्याला धरून खालचं पाणी बघत राहिली, आणि मानसिंग तीनदा पलीकडं जाऊन आला. त्याच्या पावलांनी पूल हलायचा. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा ती म्हणाली, "जरा एका जागी उभं ऱ्हा. मला गरगरतंय." तो उभा राहिला. पण उभं राहिलं की त्याचे डोळे रस्त्याकडं जायचे. आपण इथं उभे आणि कुठंतरी आपली गाडी सुटतेय, फलाटावरची माणसं चढलीत, घंटी झालीय आणि ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नाही, असं त्याला वाटायचं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायलाही बसावं लागतं.

द्राक्षमळा भाटघरच्या पाण्याला लागून होता. मळ्याची मालकीण सोनिया, तिशीतली पोरगी, शेतकी शिकून आलेली, पायात चिखलाचे बूट. माघ सरत आलेला, तोडणी चालू होती. काळ्या बारीक द्राक्षांचे घड क्रेटमध्ये पडत होते. सोनियानं दोघांना थंड खोलीतली लाकडी पिंपं दाखवली, मग पाण्याकडं तोंड करून मांडलेल्या बाकावर बसवलं आणि पुढं ग्लास ठेवले. झुल्फिकार लांब आंब्याखाली चहा घेऊन बसला.

"थोडी तोंडात धरायची आणि थांबायचं, काका," सोनिया म्हणाली. "चव एकदम येत नाही."

मानसिंगनं खोकल्याचं औषध घ्यावं तसा ग्लास रिकामा केला. "आंबट हाय. पुढं काय बघायचं?"

"पुढं काही नाही. हेच."

"हेच? आनि किती येळ?"

"तुम्हाला वाटेल तेवढा."

हा असला वेळ त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. तो उठलाच. वेलींच्या रांगांतून फिरून आला, तोडणाऱ्या बायकांना गाव विचारलं, मग क्रेट भरायला आलेला टेम्पो मागं घेताना ड्रायव्हर चाचरतोय असं दिसल्यावर तर त्याच्या अंगात आलं. "येऊ दे, येऊ दे... डावा काट... आजून येऊ दे... बस." टेम्पो नीट लागला. मग क्रेट कसे रचायचे तेही त्यानं सांगितलं. टेम्पोवाल्यानं सोनियाला विचारलं, "मॅडम, हे मुकादम नवीन ठेवले का?"

परत आला तर रतनबाई तशीच बसलेली. तिच्या ग्लासातली घोटभर कमी झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा असलं काही तोंडाला लावलेलं, पण तोंड वाकडं न करता ती डोळे मिटून बसली होती.

"चढली का काय?" मानसिंगनं घाबरून विचारलं.

"गप बसा. यील आता." थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. "आधी आंबट लागतंय. मंग तुरट. मंग काय न्हाईच लागत, आनि आपुन सोडून दिलं का मागनं येतंय. करवंदाच्या जाळीत हात घातल्यावर वास येतो न्हवं, त्यो. आक्का मला न्यायची करवंदाला. काटं तिला लागायचं आनि करवंदं म्या खायची."

मानसिंग बाकाच्या टोकाला टेकला. पाण्यावर ऊन कललं होतं, आणि धरणाचं पाणी खाली गेल्यामुळं काठाला तांबड्या मातीचा पट्टा उघडा पडला होता.

"अवो," रतनबाई पाण्याकडं बघत म्हणाली, "तिनं मला हाक मारायच्या आधीच ती गेली तर? मला लई भ्या वाटतंय. मला रतन म्हणणारं आता दुसरं हाय कोण? तुमी तर 'अगं' म्हणता."

आक्का बरी होईल म्हणावं तर खोटं. मानसिंगनं ग्लास उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला. "उद्या सकाळी लवकर निघू," तो म्हणाला. सांत्वन म्हणून त्याच्याकडं तेवढंच होतं, लवकर निघणं.

तिसऱ्या दिवशी नसरापूर मागं पडलं आणि मानसिंगची जीभ सुटली. हा रस्ता त्याचा. आंबवणे, मार्गासनी, विंझर, एकेक थांबा त्यानं तोंडानं घेतला, कुठं कोण चढायचं, कुणाच्या कोंबड्या असायच्या ते सांगत. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पाट्या बदलायला लागल्यात, पण मानसिंगच्या तोंडी अजून वेल्हंच. त्याच्या गाडीच्या पाटीवर तेच लिहिलेलं असायचं: वेल्हे मुक्काम.

झुल्फिकारला वडापच्या धंद्यात असून मुक्कामी गाडीची गंमत ठाऊक नव्हती, म्हणून मानसिंगनं ती सांगितली. संध्याकाळी भोरहून सुटलेली यष्टी वेल्ह्याच्या पुढं वाडीपर्यंत जायची, रात्री तिथंच थांबायची आणि पहाटे माणसं भरून परत फिरायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे, जेवायला मात्र वाडीतलं एक घर ठरलेलं. ते घर चंद्राबाईचं. वाडीच्या वळणावर आलं की मानसिंग एकच लांब हॉर्न द्यायचा, म्हणजे आलो, दोन माणसांचं पीठ मळा. पहाटे निघताना दोन तोकडे आणि एक लांब, म्हणजे निघालो, यायचं त्यानं पळत या. त्या हॉर्नवर वाडी चालायची. दुसरा ड्रायव्हर आला तर चंद्राबाईला हॉर्नवरूनच कळायचं, मग ती भाकरीबरोबर कोरड्यास जरा हात राखूनच वाढायची.

"आनि मामी?" झुल्फिकारनं आरशातून मागं बघत विचारलं.

"मामी भाकऱ्या थापायची. आक्कानंच मला ईचारलं, डायवर, लगीन झालंय का म्हून."

झुल्फिकार हसला. रतनबाई हसली नाही. ती मागच्या सीटवरून म्हणाली, "लगीन झाल्यावर बी म्या ह्यांच्याच गाडीनं माहेरी यायची. तिन्हीसांजंला उतरायची आनि फाटं अंधारात परत चढायची. आक्काच्या अंगनात ऊन कसं पडतं ते म्या बघितलंच न्हाई. बोलत बोलत झोप लागायची, आनि ह्यांचा हार्न वाजायचा."

झुल्फिकारनं जीप वाडीच्या रस्त्याला सावकाश घातली. मानसिंगचा पाय मात्र ब्रेक मारत होता.

चंद्राबाई ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. अंगानं वाळलेली, पण हात झरझर चालत होते. सुलक्षणानं पाणी आणलं, सतरंजी टाकली, आणि सासूच्या कानाशी वाकून म्हणाली, "आत्याबाई, बघा तरी कोण आलंय."

चंद्राबाईनं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. "या बाई, बसा. कुठल्या गावच्या?"

रतनबाईनं शेजारी बसून एक शेंग उचलली. "भोरच्या."

"भोरला माझी बहीन दिलीय."

"व्हय का?"

"डायवर हाय नवरा. मानूस चांगलाय, पर लई घाईचा. आला का निघाला. माझ्या बहिनीला कवा दोन दिस ठिवत न्हाई हितं." चंद्राबाईनं सोललेले दाणे परातीत टाकले. "तुमाला गावली तर सांगा तिला. म्हनावं, आक्का वाट बघती."

"सांगते," रतनबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी शेंगांवर पडलं.

मानसिंग पायरीवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. ऐकून माणसानं काय करावं? आत जावं, दोघींजवळ बसावं, निदान गप उभं तरी राहावं. हा वळला आणि जीपची चाकं बघायला गेला. चारी टायरवर लाथ मारली. झुल्फिकारला म्हणाला, मागच्यात हवा कमी आहे. झुल्फिकार म्हणाला, नाही. मग नाक्यापर्यंत चालत गेला, पूर्वी गाडी लावायचा ती जागा बघितली, तिथं आता कुणीतरी विटा रचून ठेवलेल्या. त्याचाही त्याला राग आला. जेवायला आत आला तर दोघी अजून "तुमच्या हिकडं भात कसला पिकतो?" असलंच बोलत होत्या. जेवून पुन्हा बाहेर.

दुपार सरली. ओसरीवरचं ऊन खांबापर्यंत आलं, मग भिंतीवर चढलं. रतनबाई हलली नव्हती. दोघींनी मिळून शेंगांचं टोपलं संपवलं होतं आणि आता नुसत्याच बसल्या होत्या. मानसिंग दारातून डोकावायचा, ती मान हलवून नाही म्हणायची, तो परत जायचा. असं किती वेळा झालं ते कुणी मोजलं नाही. त्याच्या अंगात मुंग्या आल्या होत्या. ओळखत नाही तर नाही ओळखत, म्हातारपण आहे, त्याला कोण काय करणार? बाईला किती वेळ रडवायचं? हे तो स्वतःशी बायकोच्या काळजीनं म्हणत होता, निदान त्याची तशी समजूत होती.

झुल्फिकार ओढ्यावर हातपाय धुवून नमाज पढायला गेला. जाताना किल्ली गाडीलाच राहिली.

मानसिंग जीपपाशी आला. जरा टेकावं म्हणून त्यानं दार उघडलं, आणि दार उघडलं ते उजव्या बाजूचं. स्टिअरिंगच्या मागं बसल्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचा श्वास खाली गेला. हात आपल्या जागी गेले, पाय आपल्या जागी. समोर तोरण्याच्या सोंडेवर ऊन पिवळं झालं होतं. बायकोला 'चला' म्हणायचं नाही असं त्यानं कबूल केलं होतं, आणि म्हटलंही नव्हतं. त्याचा अंगठा हॉर्नवर गेला. दोन तोकडे, एक लांब.

झुल्फिकारनं त्या गाडीला ट्रकचा हॉर्न बसवून घेतलेला. सगळी वाडी दणाणली.

कुणी विचारलं तर मानसिंग सांगतो की सवयीनं हात गेला. खोटं आहे. त्याला निघायचं होतं.

ओसरीवर चंद्राबाई ताठ झाली. परात बाजूला सारून ती उभी राहिली, सून धरायला येईतो उभी राहिली सुद्धा. "रतने," ती म्हणाली. "ऊठ रतने. गाडी निघाली."

रतनबाईला ते ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. ती तोंड वर करून नुसती बघत राहिली.

"आगं बघतीस काय? ऊठ. तुजी चोळी वाळत टाकलीती ती घेतलीस का?" चंद्राबाईनं परातीतले पावटे ओंजळीनं पदरात घेतले, आणि वाकून रतनबाईच्या ओटीत ओतले. "हे ने पोरीला. कोवळं हायती." मग तिनं बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अंगठ्यांनी गाल पुसले. "रडू नगं. पुढच्या बारीला दोन दिस ऱ्हा. म्या सांगते पावन्यास्नी."

"आक्का, मला न्हाई जायचं," रतनबाई म्हणाली. तिनं बहिणीची मनगटं घट्ट धरली होती. "मला ऱ्हायचंय हितं. आत्ता कुठं तू मला..."

"असं म्हनू नगं बाई. सरकारी गाडी ती, थांबत न्हाई. जा. ऊठ, जा." आणि चंद्राबाई तिला खांद्याला धरून उठवायला लागली. वाळलेल्या हातांत जोर केवढा. एकेक पायरी करत ती बहिणीला अंगणात आणत होती, घालवत होती, आणि रतनबाईच्या ओटीतले पावटे वाटेनं सांडत होते.

मानसिंग तोवर फाटकाशी आला होता. काहीतरी झालंय एवढं त्याला कळलं, आणि मग 'रतने' ऐकल्यावर काय झालंय तेही कळलं. ज्या हाकेसाठी बाई दिवसभर बसली ती हाक तिला मिळाली होती, आणि मिळाली ती निघून जा म्हणायला. ते त्याच्या अंगठ्यानं केलं होतं. रतनबाईनं त्याच्याकडं बघितलं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त बघितलं, पूर्वी अंधारात गाडीत चढताना बघायची तसं, आणि तेव्हा तो आरशात मागचा रस्ता बघत असायचा, म्हणून हे बघणं त्याला आज पहिल्यांदाच दिसलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो मागं फिरला. धावला म्हणायला हरकत नाही. जीपच्या खिडकीतून हात आत घातला आणि हॉर्न दाबला. एक. लांब. दाबूनच धरला. कुत्री भुंकायला लागली, सुलक्षणा कानांवर हात ठेवून उभी राहिली, ओढ्याकडून झुल्फिकार टोपी सावरत पळत आला. तरी त्यानं सोडला नाही. मग सोडला.

अंगणाच्या मधोमध चंद्राबाई थांबली. बहिणीचा खांदा तिच्या हातात तसाच होता. तिनं वळणाकडं मान वळवली. कितीतरी वेळ ती नुसती ऐकत राहिली, आवाज बंद झाल्यावरही.

"आली व्हय गाडी," ती म्हणाली. "म्हंजी तिन्हीसांज झाली." आणि तिनं रतनबाईकडं बघितलं. "तू हितं अंगनात काय करतीस रतने? पीठ काढ. दोन मानसं जेवाय हायती."

"काढते, आक्का," रतनबाई म्हणाली. ती हसत होती आणि रडत होती, आणि पदरानं काय काय पुसावं हे तिला कळत नव्हतं.

झुल्फिकार धापा टाकत जीपपाशी पोचला. "मामा, काय झालं काय? ताई मला हाकलतील. तुमाला हात लावू द्यायचा न्हवता."

मानसिंगनं किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "खिशात ठीव. म्या मागितली तरी दिऊ नगंस. आनि चल जेवाय. आज तू कंडक्टर."

दोघं आत आले तेव्हा चूल पेटली होती. रतनबाई काटवटीत पीठ मळत होती आणि चंद्राबाई भिंतीला टेकून तिला पाणी बेतानं घाल म्हणून सांगत होती, तिच्या लहानपणापासून सांगत आली असेल तसं. मानसिंगनं पाय धुतले आणि उंबऱ्याजवळ बसला. त्याला बसता येत होतं असं नव्हे. गुडघा हलत होता, तो त्यानं हातानं दाबून धरला.

"बसा पावनं," चंद्राबाई म्हणाली. "गाडी नीट लावली न्हवं? उतार हाय तितं."

"लावली, आक्का."

"सकाळी कवा काढनार?"

नोकरीभर हा प्रश्न त्याला कुणीही विचारला असता तर मिनिटासकट उत्तर तयार असायचं. त्यानं चुलीकडं बघितलं. रतनबाईचे हात पिठात थांबले होते.

"तुमी दोघी म्हनाल तवा," मानसिंग म्हणाला. "रतन म्हनंल तवा."

"असं कुठं असतंय व्हय?" चंद्राबाई म्हणाली. "सरकारी गाडी ती." आणि तिनं बहिणीच्या हातातली काटवट आपल्याकडं ओढून घेतली, कारण पीठ सैल झालं होतं.